चर्चच्या गटातून शेजाऱ्याच्या मदतीला: गोव्यातल्या मराठी मंडळींकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फोंड्याची. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून आमच्या भागातल्या चर्चच्या सेवागटाबरोबर घरोघरी जाते. आजारी, एकटी, अडलेली माणसं असतील तिथे. मी हिंदू आहे, सकाळी देवापुढे दिवा लावते आणि मग पिशवी उचलून निघते. देवळाच्या आवारात, लग्नाच्या पंगतीत, पणजीच्या बसमध्ये लोक मला याबद्दल विचारतात. प्रश्न बहुतेक तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली.

आपण ख्रिस्ती नाही. चर्चच्या गटात आपल्याला घेतात का?

घेतात. मी पहिल्यांदा पाद्रींना भेटायला गेले तेव्हा हाच प्रश्न विचारला होता. त्यांनी मला उलट विचारलं, "तुम्ही आठवड्यातला कुठला वार देऊ शकाल?" मुलाखत म्हणावी तर एवढीच झाली.

काही ठिकाणी फरक असतो, तो माहीत असावा. व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी ही मुळात कॅथलिक भाविकांची संघटना आहे. तिच्या बैठकीची सुरुवात आणि शेवट प्रार्थनेने होतो, पदाधिकारीही त्यांच्यातलेच असतात. मी साहाय्यक म्हणून जाते. प्रार्थना चालू असताना हात जोडून गप्प उभी राहते. त्याहून जास्त काही कोणी अपेक्षिलेलं नाही. आणि गोव्यात हे नवं थोडंच आहे? म्हापशाच्या चर्चमधल्या मिलाग्रिस सायबिणीला (मेरीमातेला) तेल वाहायला आपले लोक जातात, कारण ती शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानतात. तेल वाहायला जाणाऱ्याला तांदळाची पिशवी उचलायला जायला काय हरकत असावी?

यामागे धर्मांतराचा हेतू नसतो ना?

हा प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात. मी मोठ्यानेच उत्तर देते, कारण प्रश्न रास्त आहे. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीज काळातलं चर्चचं धर्मन्यायालय, १५६० मध्ये आलं आणि १८१२ पर्यंत राहिलं. मंगेशाला वाचवण्यासाठी त्याच १५६० साली कुठ्ठाळीहून जुवारी नदीपलीकडे अंत्रुजात, म्हणजे आमच्या फोंडा भागात, आणावं लागलं. फोंड्यातल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही, आमची देवळंच ते सांगतात. म्हणून कोणी शंका घेतली तर मला राग येत नाही.

आजची गोष्ट वेगळी आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५ च्या आपल्या विश्वपत्रात (पोपनी साऱ्या चर्चला लिहिलेल्या पत्रात) स्पष्ट लिहिलं की दयाकार्य हे दुसऱ्याला आपल्या धर्मात ओढण्याचं साधन होऊ शकत नाही, प्रेम फुकट द्यायचं असतं. हे झालं कागदावरचं. माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगायचं तर आम्ही जातो त्या घरांपैकी कितीतरी घरं हिंदू आणि मुसलमान आहेत. तिथे आम्ही प्रार्थना म्हणत नाही, पुस्तिका ठेवत नाही. एका घरी तर चतुर्थीच्या आधी माटोळीचं (गणपतीच्या वर बांधायच्या फळं-पानांचं) सामान आणून द्यायला गटातले दोन ख्रिस्ती तरुणच बाजारात गेले होते, कारण घरातल्या आजोबांना चालवत नव्हतं. तुम्हाला कुठे वेगळा अनुभव आला, तर गप्प बसू नका. सरळ पाद्रींना सांगा आणि त्या गटातून बाहेर पडा.

कारितास, एसव्हीपी, मदर तेरेसांच्या सिस्टर: हे सगळं एकच का?

नाही. तिघांचं काम वेगळं, स्वभावही वेगळा.

कारितास हा लॅटिन शब्द, अर्थ प्रेम किंवा दया. या नावाची पहिली संस्था १८९७ मध्ये जर्मनीत निघाली. कारितास इंडिया १९६२ ची. कारितास गोवा ही गोवा आणि दमण महाधर्मप्रांताची समाजकार्याची शाखा, पणजीत तिचं कार्यालय आहे. इथे पगारी कर्मचारी असतात, प्रकल्प असतात, हिशेब-अहवाल असतात. तुम्हाला शिकवता येत असेल, समुपदेशन येत असेल, संगणकावर काम येत असेल तर इथे विचारा.

व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी, तोंडात बसलेलं नाव एसव्हीपी, ही गावपातळीवरची. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांना घेऊन ती सुरू केली. गरिबाला ऑफिसात बोलवायचं नाही, आपण त्याच्या घरी जायचं, तेही दोघांनी मिळून, हा त्यांचा नेम तेव्हापासूनचा. चर्चागणिक त्यांचा जो गट असतो त्याला कॉन्फरन्स म्हणतात. नाव ऐकून मोठं सभागृह डोळ्यांपुढे येतं, प्रत्यक्षात चर्चच्या मागच्या खोलीत टेबलाभोवती बसलेली पाचदहा माणसं. बैठकीत एक कापडी पिशवी फिरते. प्रत्येकजण मूठ मिटून हात आत घालतो आणि मोकळा बाहेर काढतो. कोणी पाचशे टाकले, कोणी दहा, कोणी काहीच नाही, हे शेजारी बसलेल्यालाही कळत नाही. देणाऱ्याची लाज राखणारी अशी पद्धत मी दुसरीकडे पाहिली नाही.

मदर तेरेसांच्या सिस्टर म्हणजे मिशनरीज ऑफ चॅरिटी, १९५० मध्ये कोलकात्यात सुरू झालेला संघ. त्यांच्या आश्रमात काम म्हणजे अंगमेहनत: अंघोळ घालणं, भरवणं, कपडे धुणं. मन घट्ट असेल तर जा.

यांत एक नाव लोक हटकून मिसळतात, ते प्रोव्हेदोरियाचं. ती सरकारी संस्था आहे, वृद्धाश्रम चालवते. चर्चशी तिचा संबंध नाही.

सुरुवात कुठून करायची?

आपल्या जवळच्या चर्चच्या कार्यालयातून. रविवारी सकाळी जाऊ नका, मीस (चर्चमधली सामुदायिक प्रार्थना) आणि गर्दी असते. आठवड्यातल्या एखाद्या दिवशी संध्याकाळी जा आणि "इथे एसव्हीपी आहे का, आजाऱ्यांना भेटायला जाणारा गट आहे का" एवढं विचारा. प्रत्येक वाड्यावर लहान ख्रिस्ती समुदायाचे प्रमुख असतात. कोणाच्या घरात चूल पेटली नाही, कोण पडलं, कोणाचा मुलगा फोन करत नाही, हे त्यांना पंचायतीच्याही आधी कळतं. त्यांच्याशी ओळख झाली की पुढचं आपोआप होतं.

कागदपत्रं लागतात का?

घरभेटींना आधारची प्रत, फोन नंबर आणि ओळखीच्या एखाद्या माणसाचा शब्द पुरतो. मुलांच्या संस्थेत काम करायचं असेल तर मात्र पोलीस पडताळणी मागू शकतात. गोव्यात २००३ चा बालकायदा आहे, देशभर २०१२ चा पॉक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, आहे. "माझ्यावर विश्वास नाही का?" असं म्हणून रुसू नका. जी संस्था काहीच विचारत नाही तिच्यापासून मी मुलांना लांब ठेवीन.

किती वेळ द्यावा लागतो?

आठवड्याला दोन तास. पण ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, दर आठवड्याला.

या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त बोलते. नाताळच्या आधी आमच्याकडे मदतनिसांची रीघ लागते. पोप फ्रान्सिस यांनी २०१७ पासून नोव्हेंबरात गरिबांचा जागतिक दिवस सुरू केला, त्या रविवारीही खूप जण येतात. केक वाटतात, छान बोलतात, "परत येऊ" म्हणतात. येत नाहीत. आपण विसरतो, पण म्हातारं माणूस विसरत नाही.

मी ज्या मांयकडे (म्हातारीला आम्ही मांय म्हणतो) जायचे, तिचं घर मोठं, जुनं, पुढे बलकांव (बसायचा व्हरांडा). मुलगा तारवटी (खलाशी), आठ-आठ महिने बोटीवर. मुलगी लंडनकडे. पैशांची ददात नव्हती. माझा वार बुधवार, वेळ चारची. एका बुधवारी मला ताप होता आणि मी कळवायला विसरले. पुढच्या आठवड्यात गेले तर शेजारीण म्हणाली, "मांय गेल्या बुधवारी काळोख पडेपर्यंत सोप्यावर बसून होती, चहा झाकून ठेवला होता." मांय मला एका शब्दाने बोलली नाही. फक्त त्या दिवशी दोन कप चहा आणताना म्हणाली, "आज येतलीस म्हणून खबर नासली." (आज येशील हे ठाऊक नव्हतं.) त्या दिवसापासून यायला जमणार नसेल तर मी आदल्या रात्री फोन करते. तुमच्याकडे दोन तास नसतील तर महिन्यातून एकदाच जा, चालेल. पण तो दिवस पाळा.

तिथे जाऊन नेमकं करायचं काय?

लोकांना वाटतं की सामान वाटायचं. ते काम फार थोडं. बराचसा वेळ बसण्यात, ऐकण्यात आणि कागदपत्रांत जातो.

दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचा (सरकारी पेन्शनचा) अर्ज, गृह आधारचा (गृहिणींच्या सरकारी मदतीचा) अर्ज, हयातीचा दाखला, बँकेचं केवायसी, वीजबिल, बांबोळीला गोमेकॉतली (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळातली) पुढची तारीख. ज्याला चष्मा लागतो आणि मोबाइलवरचा ओटीपी वाचेपर्यंत त्याची वेळ संपते, त्याच्यासाठी हे डोंगराएवढं असतं. एका बाईंचं पेन्शन अडलं होतं. त्यांना घेऊन एका बँकेत गेले. यंत्रावर अंगठा ठेवला, लाल दिवा. पुसून ठेवला, लाल दिवा. दुसरं बोट, तिसरं बोट, दहाही झाली. काजू सोलून, भांडी घासून, मासळी निवडून बोटांवरच्या रेषाच झिजलेल्या. काउंटरवरचा मुलगा "ठसा येत नाही, पुढच्या सोमवारी या" म्हणाला. असे तीन सोमवार झाले. चौथ्या वेळी मी आधी चौकशी करून गेले आणि डोळ्यांवरून ओळख पटवण्याची सोय आहे ती वापरा म्हटलं. काम पाच मिनिटांत झालं. बाई पायऱ्या उतरताना आपले अंगठे उलटसुलट करून बघत होत्या.

तुम्ही शाळेत, बँकेत, सरकारी खात्यात नोकरी केली असेल तर हे कसब तुमच्याकडे आहेच. निवृत्तांनो, मला तुमचीच गरज जास्त वाटते.

एक मात्र कधी करू नका: औषधांत हात घालू नका. "ही गोळी मलाही होती, घेऊन बघा" हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. गोळ्यांची वेळ कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावा, तेवढं पुष्कळ.

रेशनमध्ये काय द्यावं?

विचारून द्या. मी पहिल्या वर्षी स्वतःच्या खर्चाने चांगला बारीक तांदूळ नेला होता. महिन्याने पाहिलं तर पिशवी तशीच, त्यात पोरकिडे. अकराला पेज जेवणाऱ्या माणसाला उकडे तांदूळ लागतात, त्या बारीक तांदळाची पेज होत नाही. झारखंड-बिहारकडच्या मजूर कुटुंबाला आटा हवा, कर्नाटकाकडच्यांना ज्वारी आवडते. मधुमेही असतील तर साखर-बिस्किटं घालू नका, वाटपाच्या पिशव्यांत ती नेमकी भरपूर असतात.

महिनाही बघून द्या. गोव्यात खरी ओढाताण जून ते ऑगस्ट. मासेमारी बंद, रोजंदारी बंद. म्हणून पुरुमेंताचं (पावसाळ्याच्या बेगमीचं) सामान मे महिन्यातच पोचलं पाहिजे: तांदूळ, सुकी मासळी, मिरच्या, सोलं (आमसुलं), कांदे, नारळ. आणि शाकारणी. फुटलेले नळे पावसाआधी बदलून घेतले तर म्हाताऱ्या माणसाचं अंथरूण चार महिने कोरडं राहतं. नाताळला दिलेल्या ब्लँकेटपेक्षा हे फार मोलाचं.

कोणी हातात रोख पैसे मागितले तर?

स्वतःच्या खिशातून देऊ नका. "गटात विचारते" म्हणा आणि खरंच विचारा. औषधाच्या दुकानात किंवा शाळेत गट थेट पैसे भरतो. हा नियम कठोर वाटतो, मलाही वाटला होता. पण एकदा उसने दिले की पुढच्या वेळी ते माणूस तुम्हाला पाहून दार लावून घेतं, लाजेने. आणि नातं तुटतं ते तुटतंच.

माझी कोकणी अंत्रुजी, त्यांची सासष्टी किंवा बारदेश तालुक्यातली. समजेल का?

आठवडाभरात कान बसतो. औषधाला आपण "वखद" म्हणतो, तिकडे "वोकोत". मधूनच पोर्तुगीज शब्द येतो, नाही कळला तर विचारा, समजावून सांगायला म्हाताऱ्या माणसांना आवडतं. मराठीतून बोललात तरी चालतं. निघताना "देव बरें करूं" म्हणतील. हे आभार आहेत आणि आशीर्वादही. उत्तरात हेच म्हणायचं.

फोटो काढून ग्रुपवर टाकले तर इतरांना प्रेरणा मिळेल ना?

नको. गाव लहान आहे. आज फोटो टाकलात की उद्या पोदेरही (पाववालाही) विचारतो, "तुमगेर तांदूळ हाडून दिले?" (तुमच्याकडे तांदूळ आणून दिले?) मदत घेणाऱ्याचं नाव, आजार, घरातली भांडणं, यातलं काहीही आपल्या घरच्या जेवणाच्या टेबलावरसुद्धा बोलायचं नाही. माझ्या नवऱ्यालाही मी कुठल्या घरी जाते हे माहीत नाही.

"बाहेरच्या" मजुरांना मदत का? आधी गोंयकार (गोव्याचीच माणसं) नकोत का?

येशूला एकाने नेमकं हेच विचारलं होतं: माझा शेजारी कोण? त्याने उत्तरादाखल रस्त्यावर लुटल्या गेलेल्या माणसाची गोष्ट सांगितली. देवळाचा माणूस बाजूने निघून गेला आणि मदतीला थांबला तो परक्या, तुच्छ मानलेल्या जमातीचा. ही गोष्ट मी चर्चमध्ये ऐकली आणि २०२० ची टाळेबंदी आठवली. आपली घरं बांधणारी, आपल्या मासेमारी ट्रॉलरवर राबणारी माणसं तेव्हा पत्र्याच्या खोल्यांत अडकली होती. तुम्हाला गोंयकाराच्याच घरी जायचं असेल तर तसं सांगा, घरं भरपूर आहेत. पण गटाच्या यादीत नावं गरजेप्रमाणे लागतात, आणि तशीच लागावीत असं माझं ठाम मत आहे.

घरात दारू किंवा मारहाण दिसली तर?

मध्ये पडू नका, पाठही फिरवू नका. दोघांनी जायचा नियम अशा वेळी कळतो. बाईंना १८१ या महिला हेल्पलाइनचा नंबर द्या, मूल असेल तर १०९८, जीवावर बेतलं तर ११२. एकट्या वृद्धांसाठी १४५६७ आहे. दारूच्या बाबतीत अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठका कुठे भरतात ते गटातल्या कोणाला तरी माहीत असतं. बैठका मोफत असतात आणि तिथे जात-धर्म पाहत नाहीत. सोडायची की नाही ते पिणाऱ्यानेच ठरवायचं असतं, त्याच्या बायकोला मात्र आपण आजच सोबत देऊ शकतो.

पूर, वादळ अशा वेळी जाऊ का?

गटाबरोबरच जा, आणि पहिल्या दिवशी नको. २३ जुलै २०२१ च्या पुरानंतर आम्ही सत्तरीत गेलो होतो. कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला भिजत पडलेले, कारण सगळ्यांनी कपडेच आणले. हवे होते फावडी, झाडू, फिनेल, मेणबत्त्या आणि चिखल उपसायला हात. एका घरी दोरीवर वह्या वाळत घातल्या होत्या, शाई वाहून निळ्या झालेल्या. मुलगी एकेक पान फुंकर घालून सोडवत होती. दोन आठवड्यांनी आम्ही नव्या वह्या आणि तिच्या वर्गाची पुस्तकं घेऊन परत गेलो. तोवर बाकीच्या गाड्या येणं थांबलं होतं.

वेळ नाही, पैसे द्यायचे आहेत.

द्या, आनंदाने. चेकने किंवा ऑनलाइन द्या आणि पावती घ्या. संस्थेकडे ८०जी (देणगीवर करसवलत देणारी नोंदणी) असेल तर जुन्या कररचनेत सवलत मिळते, दोन हजार रुपयांच्या वरची रोख देणगी मात्र त्यात धरत नाहीत.

कॉलेजच्या मुलांना पाठवू का?

पाठवा, पण प्रमाणपत्रासाठी नको. ओझानाम स्वतः वीस वर्षांचा होता. मुलांना मोबाइल येतो, जिना चढता येतो, गॅसचा सिलिंडर उचलता येतो. आमच्या गटातल्या एका मुलाने मांयला व्हिडिओ कॉल शिकवला. बोटीवरून मुलगा दिसला तेव्हा ती त्याला आधी रागावली, "केंस कितले वाडयल्यात रे!" आणि मग पदराने मोबाइलचा पडदा पुसत बसली.

जीव लागतो, मग ते माणूस गेलं की?

दुखतं. मांय गेली तेव्हा मुलगा समुद्रात होता, त्याला यायला चार दिवस लागले. अंत्यविधीला मी मागच्या बाकावर बसले होते. मुलगा बाहेर आला, मला ओळखत नव्हता, तरी सरळ माझ्याकडे आला आणि म्हणाला, "बुधवार?" मांय त्याला फोनवर माझं नाव नाही, वारच सांगायची.

त्यानंतर तीन आठवडे मी कुठेच गेले नाही. गटाने विचारलं नाही, दबाव आणला नाही. असा थांबा घेतलात तर अपराधी वाटून घेऊ नका. आता माझा बुधवार दुसऱ्या घरी आहे. ते आजोबा फारसे बोलत नाहीत, रेडिओ ऐकतात. मी शेजारी बसून ऐकते.

पहिल्या दिवशी काय न्यावं?

छत्री, पाण्याची बाटली, पेन, एक छोटी वही, चष्मा. साधे कपडे, सहज काढता येतील अशा चपला. मोबाइल सायलेंटवर. खाऊ नेऊ नका, पथ्य माहीत नसतं. दारातून हाक मारा आणि आतून "यो" (ये) ऐकू येईपर्यंत बाहेर थांबा. म्हाताऱ्या माणसाला उठून यायला वेळ लागतो.